शेजारी माणूस, शर्यत मात्र घड्याळाशी: स्पीड स्केटिंगचे नियम

कालवेकाठ (धागालेखक)

नेदरलँड्सला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी कॉफीला बोलावलं. टीव्हीवर दोन माणसं बर्फावर गोल गोल फिरत होती. कंबरेत वाकलेली, हात पाठीवर बांधलेले. पाच मिनिटं झाली, आठ झाली, दहा झाली, माणसं तीच. आजोबांच्या मांडीवर वही होती आणि दर फेरीला ते पेन्सिलीने एक आकडा लिहीत होते. मी आपलं विचारलं, पुढे कोण आहे? आजोबा वहीतून मान वर न करता म्हणाले, "या दोघांपैकी? त्याला काय महत्त्व?"

त्या उत्तराचा अर्थ लागायला मला दोन हिवाळे लागले. आता पोरगी शनिवारी क्लबात जाते, तिची ब्लेडं घासायचं काम माझ्याकडे असतं, आणि मराठीत यावर कुठे काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

तर स्पीड स्केटिंगचा मुख्य प्रकार लाँग ट्रॅक. ४०० मीटरचा लंबगोल, दोन लेन, आत एक आणि बाहेर एक. एका वेळी दोघेच धावतात, आणि कायम डावीकडेच वळत. सगळ्या जोड्या संपल्या की ज्याची वेळ सर्वांत कमी तो जिंकला. म्हणजे शेजारी जो धावतोय त्याला हरवून उपयोग शून्य. खरा प्रतिस्पर्धी कदाचित तासाभरापूर्वी धावून, जॅकेट घालून कडेला बसलेला असतो.

आता दोन लेन म्हटल्या की बाहेरच्याला जास्त अंतर पडणार. लेन साधारण ४ मीटर रुंद धरली तर एका वळणात जवळजवळ साडेबारा मीटरचा फरक येतो. यावर तोडगा असा की दर फेरीला, मागच्या सरळ बाजूवर, दोघांनी लेन बदलायची. आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. प्रत्येक फेरीत एक वळण आतलं आणि एक बाहेरचं, त्यामुळे हिशोब बरोबर. सुरुवात आतून करणाऱ्याच्या दंडाला पांढरी पट्टी असते, बाहेरून करणाऱ्याच्या लाल. ही पट्टी शर्यतभर बदलत नाही. लेन बदलते. मी पहिला हिवाळाभर 'पांढरा म्हणजे आतला' असंच धरून बघत होतो आणि दर फेरीला गोंधळत होतो.

अंतरं: पुरुषांना ५००, १०००, १५००, ५००० आणि १०००० मीटर. महिलांना ५००, १०००, १५००, ३००० आणि ५०००. दहा हजार म्हणजे २५ फेऱ्या. शेवटच्या रेषेला छाती किंवा डोकं धरत नाहीत, ब्लेडचं टोक धरतात. म्हणून ५०० मीटरवाले शेवटी एक पाय पुढे फेकतात.

चुकीची सुरुवात केली की स्पर्धक बाद.

आणि लेन बदलायला चुकलात तरी बाद. इथे व्हँकुव्हरचं २०१० चं ऑलिंपिक सांगायलाच हवं. नेदरलँड्सचा स्वेन क्रामर, ५००० चं सुवर्ण खिशात, १०००० मध्येही सगळ्यांच्या पुढे. आठ फेऱ्या उरलेल्या असताना तो बरोबर बाहेरच्या लेनकडे निघाला होता. कडेला उभ्या असलेल्या त्याच्या प्रशिक्षकाने, खेरार्ड केमकर्सने, बोट दाखवलं: आत! क्रामरने शेवटच्या क्षणी पाय वळवला आणि तो सलग दुसऱ्यांदा आतल्या लेनमध्ये शिरला. त्याला काही कळलंच नाही. उरलेल्या फेऱ्या त्याने तशाच मारल्या, १२:५४.५० मध्ये रेषा ओलांडली, हात वर केले, आणि मग केमकर्स त्याच्याजवळ गेला. क्रामरने गॉगल बर्फावर फेकून दिला. सुवर्ण दक्षिण कोरियाच्या ली सुंग-हूनला मिळालं, १२:५८.५५ मध्ये. क्रामर ५००० मीटर २०१०, २०१४ आणि २०१८ असं ओळीने तीनदा जिंकला, पण ऑलिंपिकचं १०००० मीटरचं सुवर्ण त्याला कधीच मिळालं नाही. त्या रात्री जागे असलेले माझे ऑफिसातले लोक अजून 'ते बोट' एवढंच म्हणतात. पुढचं सांगावं लागत नाही.

ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी विचारा. मी खेळाडू नाही, बघ्या आहे.

---

शंकासुर

छान लिहिलंय. शंका १: लेन बदलताना दोघे एकाच वेळी तिथे पोचले तर? आदळणार नाहीत का? शंका २: सहा-आठ लेन करून सगळ्यांना एकदम का सोडत नाहीत, धावण्याच्या शर्यतीसारखं? शंका ३ नंतर.

---

पेठकर

शंका १ चं उत्तर आमच्या चौकात रोज मिळतं. ज्याची गाडी जुनी त्याला आधी.

---

कालवेकाठ

@पेठकर 😄 इथे नियम उलटा आहे. बाहेरून आत येणाऱ्याचा हक्क पहिला. आतून बाहेर जाणाऱ्याने त्याला वाट द्यायची, आणि टक्कर झाली तर दोष आतून येणाऱ्याचा. कारण सोपं आहे. बाहेरचा आधीच लांबचं वळण घेऊन आलेला असतो.

बीजिंग २०२२, पुरुषांचे १००० मीटर. नेदरलँड्सचा काई फरबाय आतून बाहेर निघालेला, कॅनडाचा लॉराँ द्युब्रुई बाहेरून आत येणार, दोघे बरोबरीत. फरबायने सरळ अंग ताठ केलं, वेग कमी केला आणि द्युब्रुईला जाऊ दिलं. तिथेच त्याची शर्यत संपली. द्युब्रुईला रौप्य मिळालं. नियम पाळला एवढंच, पण आयुष्यभर ज्यासाठी घासली ती शर्यत अशी सोडून द्यायला काय लागतं ते बघाच.

शंका २: जितक्या लेन वाढवाल तितकं बाहेरचं वळण मोठं आणि मोकळं, आणि आतलं घट्ट. बर्फावर ५०० मीटर साधारण ३४ सेकंदांत जातात, म्हणजे सरासरी ताशी ५० किलोमीटरच्या वर. त्या वेगात आतलं वळण म्हणजे शरीर बाहेर फेकलं जातं. आतून आणि बाहेरून वळण्यातला हा फरक दोनच लेनमध्ये सुद्धा इतका जाणवतो की ऑलिंपिकमध्ये १९९८ ते २०१४ पर्यंत ५०० मीटर दोनदा धावायला लावत. एकदा आतून सुरुवात, एकदा बाहेरून, मग बेरीज. २०१८ पासून पुन्हा एकदाच.

---

कॅलगरीची काकू

लेख आवडला, पण एक दुरुस्ती. 'चुकीची सुरुवात केली की बाद' असं नाही हो. जोडीला मिळून एक चूक माफ असते. पहिली चूक कोणीही करो, दोघांना परत बोलावतात. त्यानंतर जो चुकेल तो बाद, पहिली चूक त्याची नसली तरी! त्यामुळे शेजाऱ्याने घाई केली की तुमच्या डोक्यावर टांगती तलवार.

आणखी एक. आमच्या कॅलगरीतलं ऑलिंपिक ओव्हल मैदान विसरू नका. १९८८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं, आणि ऑलिंपिकचं स्पीड स्केटिंग छताखाली झालं ते तेव्हा पहिल्यांदा. त्याआधी वारा, बर्फवृष्टी, ऊन, सगळं नशिबावर. आमचं गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, सॉल्ट लेक सिटी १,४०० च्या वर. हवा विरळ, अंगाला विरोध कमी. म्हणून विक्रमांच्या यादीत ही दोन गावं सारखी दिसतात.

---

कालवेकाठ

काकू, धन्यवाद, दुरुस्ती मान्य. वरचं वाक्य तसंच ठेवतो, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल.

---

नाना सोलापूरकर

मी टीव्हीवर पाहिलं त्यात पाच-सहा जण एकदम होते, हेल्मेट घालून, एकमेकांना खेटून, आणि सगळे धडाधड पडले. मागे राहिलेला एकटा हात पसरून रेषेपार गेला. ते काय होतं मग?

---

कॅलगरीची काकू

नाना, ते शॉर्ट ट्रॅक, आणि तुम्ही पाहिलात तो ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी. सॉल्ट लेक २००२, १००० मीटरची अंतिम फेरी. शेवटच्या वळणावर पुढचे चारही आडवे झाले. मागून निवांत येणारा हा जिंकला. हिवाळी ऑलिंपिकमधलं ऑस्ट्रेलियाचं पहिलं सुवर्ण. लोक हसतात, पण १९९४ मध्ये दुसऱ्याच्या ब्लेडने त्याची मांडी फाडली होती, १११ टाके पडले, आणि २००० मध्ये मान मोडली. गंमत म्हणजे शॉर्ट ट्रॅकची एक फेरी १११.१२ मीटरचीच असते.

तिथे घड्याळाला फारशी किंमत नाही. पहिला तो पहिला. ६० बाय ३० मीटरचं आइस हॉकीचं मैदान, त्यावर रबरी ठोकळे मांडून वळण आखतात. ५०० ला साडेचार फेऱ्या, १००० ला नऊ, १५०० ला साडेतेरा. ढकललं, वाट अडवली, की पंच बाद करतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला पुढच्या फेरीत घेता येतं. ब्रॅडबरी उपांत्य फेरीत पोचला तोच पुढचा एक जण बाद झाला म्हणून. रिलेमध्ये काठी नसते, पुढच्याच्या पाठीला हात लावून जोरात ढकलायचं. शेवटच्या दोन फेऱ्या मात्र एकट्याच्या.

---

निवृत्त पण सावध

माफ करा, स्पष्ट लिहितो. शॉर्ट ट्रॅक समजू शकतो. पण दोन माणसं पंचवीस फेऱ्या मारणार आणि आपण वहीत आकडे लिहिणार? त्यापेक्षा दूध उतू जाताना बघेन.

---

कालवेकाठ

दूध उतू जाण्याचीच मजा आहे ती 😀

बीजिंग २०२२ चे ५००० मीटर घ्या. नेदरलँड्सचा पॅट्रिक रुस्ट धावला, ६:०९.३१. मग बसला. आता त्याच्या हातात काही नाही. पुढच्या जोड्या येतात, कोणी जवळ फिरकत नाही. मग स्वीडनचा नील्स फान देर पूल येतो. दर फेरीला पडद्यावर फरक दिसतो: मागे, मागे, अजून मागे. रुस्टचा चेहरा एका कोपऱ्यात. शेवटच्या फेऱ्यांमध्ये हा आकडा आक्रसायला लागतो, आणि रेषेवर ६:०८.८४. सत्तेचाळीस शतांश सेकंदांनी. शर्यत दोघांची होती, पण दोघे एकदाही एकत्र बर्फावर नव्हते.

कधी कधी शतांशही पुरत नाही. सोची २०१४, १५०० मीटर: पोलंडचा ब्रुत्का आणि नेदरलँड्सचा फरवाय, दोघांची वेळ १:४५.००. सहस्रांश काढले तर ००६ आणि ००९. तीन सहस्रांश सेकंद! ब्रुत्का पेशाने अग्निशमन दलात. त्याच सोचीत नेदरलँड्सने स्पीड स्केटिंगच्या ३६ पैकी २३ पदकं उचलली होती, तरी इथले लोक त्या तीन सहस्रांशांबद्दलच बोलतात.

---

मोजपट्टी

वहीचा खरा उपयोग ऑलराउंड स्पर्धेत. चार अंतरं धावायची आणि एकूण एक विजेता. पण ५०० ची आणि १०००० ची वेळ मिळवायची कशी? प्रत्येक वेळ ५०० मीटरला आणायची. १५०० ची वेळ भागिले ३, ५००० ची भागिले १०, १०००० ची भागिले २०. जितके सेकंद तितके गुण, आणि कमी गुणवाला जिंकला.

मनचं उदाहरण: ५०० ला ३६.०० सेकंद म्हणजे ३६ गुण. १५०० ला १:४५.०० म्हणजे १०५ सेकंद, ३५ गुण. ५००० ला ६:२०.०० म्हणजे ३८. १०००० ला १३:२०.०० म्हणजे ४०. बेरीज १४९.

आता मजा अशी की शेवटच्या १०००० आधी तुम्ही अर्ध्या गुणाने मागे असाल तर तुम्हाला नेमके १० सेकंद कमवायचे आहेत. आधीच ठाऊक असतं. मग पंचवीस फेऱ्यांत ते फेरीला ०.४ सेकंद पडतात, आणि प्रेक्षक तेच मोजत बसतो. शाळेत भागाकार असा शिकवला असता तर माझं बरं झालं असतं.

---

चाकेवाली

हा धागा माझ्यासाठीच आहे जणू. लेक ११ वर्षांची, पुण्यात इनलाइन स्केटिंग करते. आधी दोन वर्षं क्वाड (पुढे दोन, मागे दोन चाकं), आता चार चाकं एका रांगेत. सकाळी साडेपाचला ट्रॅकवर. तिच्याकडे सगळे एकदम सुटतात, एलिमिनेशन असली की ठरलेल्या फेरीला शेवटचा बाहेर. पूर्ण वेळ दुसऱ्याच्या पाठीमागे लपून वारा वाचवायचा आणि शेवटी निसटायचं. हिला घड्याळाशी एकटं धावायला सांगितलं तर रडेल.

बाकी, 'स्केटिंग करते' म्हटलं की नातेवाईक विचारतात, गाडीखालून जाते का ती? लिंबो स्केटिंगच्या व्हिडिओंनी वाट लावलीय.

प्रश्न: इनलाइनवाले खरंच बर्फावर जाऊन काही करू शकतात का? की ही फक्त क्लासवाल्यांची बोलबच्चनगिरी?

---

कॅलगरीची काकू

करू शकतात, आणि करतात. अमेरिकेची एरिन जॅक्सन फ्लोरिडातली, इनलाइनची खेळाडू. बीजिंग २०२२ ला ५०० मीटरचं सुवर्ण. निवड चाचणीत ती घसरली आणि तिसरी आली होती. मैत्रीण ब्रिटनी बोवने स्वतःची जागा तिला दिली, मग नंतर एक जागा वाढली आणि बोवलाही ती शर्यत धावता आली. बोव सुद्धा मूळची इनलाइनवाली. बेल्जियमचा बार्ट स्विंग्ज इनलाइनचा दादा, २०२२ चं मास स्टार्टचं सुवर्ण त्याचं.

---

कालवेकाठ

@चाकेवाली, तुमच्या लेकीला मास स्टार्ट आवडेल. लाँग ट्रॅकच्याच बर्फावर, पण सगळे एकदम, हेल्मेट घालून, १६ फेऱ्या. लेनची भानगड नाही. ४, ८ आणि १२ व्या फेरीला पहिल्या तिघांना ३, २, १ गुण, आणि शेवटी पहिल्याला ६०, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला २०. म्हणजे पदकं शेवटच्या रेषेवरच ठरतात, मधले गुण बाकीच्यांच्या क्रमवारीला. २०१८ ला ऑलिंपिकमध्ये आलं आणि पुरुषांत पहिला विजेता कोण? ली सुंग-हून, घरच्या मैदानावर. तोच, 'ते बोट' वाला १०००० जिंकलेला. मूळचा शॉर्ट ट्रॅकचा, तिथे संघात निवड झाली नाही म्हणून इकडे आला.

वारा वाचवणं आणखी एका ठिकाणी चालतं, टीम परसूट. तिघे मिळून, पुरुष आठ फेऱ्या, महिला सहा. वेळ धरतात ती तिसऱ्याची. म्हणून सगळ्यांत दमलेल्याला मध्ये घ्यायचं, मागच्याने ढकलायचं. २०२२ च्या अंतिम फेरीत जपानच्या महिला शेवटच्या वळणापर्यंत जिंकत होत्या, नाना ताकागी पडली, सुवर्ण कॅनडाला.

---

नाना सोलापूरकर

नावात नाना असून पडली. असो.

आपल्याकडे काय परिस्थिती?

---

चाकेवाली

चाकांवर बरी आहे. हांगझोऊच्या आशियाई खेळांत २०२३ मध्ये ३००० मीटर रिलेत आपल्या पुरुषांना आणि महिलांना दोघांनाही कांस्य मिळालं. पुरुषांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते, आमच्या ट्रॅकवर त्या दिवशी पेढे. २०२५ ला आनंदकुमार वेलकुमार चीनमध्ये विश्वविजेता झाला, तमिळनाडूचा. बर्फाचं म्हणाल तर डेहराडूनची रिंक आणि लडाखचे गोठलेले तलाव. पण ४०० मीटरचं लाँग ट्रॅकचं मैदान आपल्याकडे नाही.

माझा खरा प्रश्न राहिला. बर्फावरच्या स्केटला चाकं नाहीत एवढाच फरक, की ढकलायची पद्धतही वेगळी? आणि ते टक-टक वाजतं ते काय?

---

कालवेकाठ

टक-टक म्हणजे क्लॅप स्केट. ब्लेड बुटाला फक्त पुढे, चवड्याखाली बिजागरीने जोडलेलं असतं. टाच मोकळी. पाय ढकलताना टाच उचलली तरी ब्लेड आणखी क्षणभर पूर्ण बर्फावर टेकून राहतं, मग स्प्रिंगने परत टाचेला येऊन आपटतं. टक. जुन्या, घट्ट ब्लेडमध्ये घोट्याने शेवटचा ढकला देता येत नसे, टोक बर्फात रुतायचं. आम्सटरडॅमच्या विद्यापीठात फान इंगेन स्खेनाउ या संशोधकाने हे सुधारून आणलं, आणि मोठे खेळाडू वर्षानुवर्षं हसत राहिले. मग १९९६-९७ च्या हंगामात डच मुलींनी ते घातलं. जानेवारी १९९७ मध्ये टोनी दे याँगने जर्मनीच्या गुंडा नीमानला युरोपियन स्पर्धेत हरवलं आणि हसू थांबलं. पुढच्याच वर्षी नागानोच्या ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या जियानी रोमेने १०००० चा विश्वविक्रम १५ सेकंदांनी खाली आणला. शॉर्ट ट्रॅकला मात्र क्लॅप चालत नाही, ब्लेड घट्टच हवं.

ढकलायचं म्हणाल तर चाकांसारखंच, मागे नाही, बाजूला. म्हणून इनलाइनची पोरं पटकन जमवतात. जड जातं ते बसणं. गुडघे इतके वाकवायचे की पाठ जमिनीला समांतर, आणि तसंच राहायचं. माझी पोरगी पहिल्या महिन्यात बर्फावर खुर्ची ढकलत शिकली, इथे सगळेच तसे शिकतात. दुसऱ्या महिन्यात खुर्ची सुटली आणि मांड्या धरून रडली.

ब्लेड जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि तळाला सपाट. हॉकीच्या स्केटसारखी मध्ये खाच नसते. दोन्ही ब्लेडं चौकटीत उलटी, शेजारी शेजारी घट्ट बसवायची आणि दगड दोन्हींवर एकदम फिरवायचा. मग कडेला आलेली बारीक कुसळं काढायची, हे विसरलात तर वळणावर पाय निसटतो. विचारा मला. मी विसरलो होतो, पडली ती.

---

शंकासुर

शंका ३: हे सगळं मैदानातलं झालं. पूर्वी कालव्यांवर धावायचे ना?

---

कालवेकाठ

अजूनही, बर्फ धरला तर. फ्रीसलँड प्रांतात अकरा गावांची २०० किलोमीटरची शर्यत आहे, एल्फस्टेडेनटोख्त. पहिली अधिकृत १९०९ ला. लेउवार्डेनहून निघायचं, प्रत्येक गावी कार्डावर शिक्का, मध्यरात्रीच्या आत परत. बर्फ वाईट असेल तिथे स्केट घालूनच गालिच्यावरून चालायचं. १९६३ ला इतकी भयंकर थंडी आणि वारा होता की साधारण दहा हजार हौशी निघाले आणि ६९ पोचले. १९८६ ला आत्ताचे राजे विलेम-अलेक्झांडर खोट्या नावाने धावले. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. पूर्ण मार्गावर १५ सेंटिमीटर बर्फ लागतो, तो तेव्हापासून धरलेलाच नाही. दर डिसेंबरला आजोबा कालव्यावर काठी आपटून बघायचे.

---

चाकेवाली

काल रात्री लेकीला घेऊन बसले. तुम्ही सांगितलेला रुस्ट आणि फान देर पूल. आधी रुस्टच्या फेऱ्या तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या, कंटाळत, तोंड वाकडं करून. मग शेजारी दुसऱ्याच्या. सातव्या-आठव्या फेरीला मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "आई, थांब ना, हा मागे आहे पण दमलेला नाहीये."

---

कालवेकाठ

त्या पानाचा फोटो टाका. आजोबांना दाखवतो.